पाठीमागचं बोटभर अंतर

आमच्या विमानात सीट एकच आहे आणि ती माझ्यासाठी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण विमान मी बांधलं असं कळलं की लोक विचारतात, मग मॅडम, तुम्ही कधी उडणार? मी उडणार नाही. मला विमान चालवता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. मला ते बनवून बघायचं होतं, बस. चालवणार होती माझी मुलगी. तिचा तो रोजचाच उद्योग आहे. ती शिकाऊ वैमानिकांना विमान चालवायला शिकवते.

मी नोकरीभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवलं. कानस कशी धरायची, गेज कसं लावायचं, दोन भाग एकमेकांत बसले म्हणजे काय आणि नुसते कोंबले म्हणजे काय. फिटर शिकवायला बाई, म्हणून नवीन मुलं गालात हसायची. पहिल्या परीक्षेपर्यंत ते हसणं थांबायचं. निवृत्त झाले आणि घरी बसून माझं डोकं फिरायला लागलं. मुलगी सुट्टीवर आली की तिच्या उड्डाणांच्या गोष्टी सांगायची. ढग, वारा, उंची यात मला काही गोडी नव्हती. मी मधेच तिला थांबवून विचारायची, तू हातातली दांडी ओढतेस आणि पार मागं शेपटीची फळी हलते, तर मधे काय काय असतं? तिला धड सांगता यायचं नाही. ती म्हणायची, आई, ते इंजिनियर लोक बघतात. असं कुणी म्हटलं की माझी चिडचिड होते. एक दिवस मी एका छोट्या, एका माणसाच्या विमानाचे नकाशे मागवले.

जागा मिळाली तुमसरला, आमच्या ओळखीच्या एका राइस मिलच्या जुन्या गोदामात. नवी मिल शेजारीच चालते, तिच्या कोंड्याची धूळ दारातून आत यायची आणि सगळ्यावर बसायची. मिलचे सेठ रोज एकदा येऊन जायचे. सुरुवातीला त्यांना वाटलं होतं की मॅडम शोभेचं काहीतरी बनवत आहेत, जयंतीच्या मिरवणुकीसाठी वगैरे. चाकं लागली, इंजिन बसलं, तेव्हा ते जरा गंभीर झाले. गावात मात्र सगळे त्याला मॅडमचं इमानच म्हणायचे, आणि खरंच उडंल का, हा प्रश्न बाजारात भाजी घेतानाही माझी पाठ सोडत नसे.

माझे मिस्टर तुमसर रोड स्टेशनवर रेल्वेत होते. त्यांनी या विमानाबद्दल बरं किंवा वाईट एक अक्षर काढलं नाही. डबा घेऊन यायचे, जेवेपर्यंत बसायचे, डबा घेऊन जायचे. फक्त एकदा त्यांनी आपणहून हात लावला. नकाशात सीटची पाठ कापडाची होती, दोन नळ्यांवर ताणून बसवलेली. हवं तसं कापड काही मिळेना. मिस्टर म्हणाले, नवार लावू. खाट विणावी तर त्यांनीच. आमच्या घरातल्या सगळ्या खाटा त्यांच्या हातच्या आहेत. सुती पट्टी उभी आडवी घालून, गुडघा लावून ओढून त्यांनी अशी घट्ट पाठ विणली की मी बोटानं टिचकी मारून बघितली. हलकी, मजबूत, उन्हाळ्यात पाठीला हवा लागेल अशी. मी खूश झाले. परवानग्यांची कटकट चालूच होती, पण शेजारच्या जिल्ह्यातली एक लहानशी धावपट्टी मिळायचं नक्की झालं होतं आणि मुलगी रजा काढून पहिल्या उड्डाणासाठी घरी आली होती.

गोदामात पंख काढून ठेवलेले, नुसतं धड उभं होतं. मुलगी आत बसली, पट्टे बांधले, पायाखालचे पेडल दाबून बघितले, दांडी चारी दिशांना फिरवली. मी बाजूला उभी राहून शेपटीची फळी बघत होते. दांडी मागं ओढली की फळी वर उचलते, पुढं ढकलली की खाली जाते. मला ते बघायचा कधी कंटाळा आला नाही. तेवढ्यात ती थांबली आणि तिनं मान वाकडी केली.

"आई, काहीतरी लागून राहिलं."

मी म्हटलं, कुठं? तिला सांगता येईना. दांडी पार पोटाशी आणली की शेवटी हाताला काहीतरी खसपसल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली. मी तिला पुन्हा ओढायला लावली. काही नाही. पुन्हा ओढली, तेव्हा तिला जाणवलं. मला बाहेर काही ऐकू आलं नाही. मग तिला उतरवलं आणि मी स्वतः बसले. दांडी ओढली, ढकलली, पुन्हा ओढली. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत होती.

आता ही गोष्ट साधी नव्हती हे कुणालाही कळेल. मोटारीचं दार घासतं तेव्हा आपण म्हणतो, घासू दे. विमान उतरताना दांडी पोटाशी ओढायची असते, आणि ती तिथं अडकून बसली तर नाक वर जातं, पंखांची उचल संपते आणि विमान पडतं. त्या एका सीटवर माझी मुलगी असणार होती. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती. तिला जाणवतं आणि मला जाणवत नाही. का? दांडी तीच, रॉड तोच, फळी तीच. अशा प्रश्नानं मला भूक लागत नाही.

दांडीपासून शेपटीपर्यंतचा रस्ता तसा सोपा आहे. दांडीच्या बुडाशी एक रॉड जोडलेला, तो सीटखालून मागं जातो. सीटच्या पाठीमागं एक उभी पट्टी मधोमध खिळवलेली आहे, सी-सॉसारखी. तिला आम्ही बेलक्रँक म्हणतो. खालच्या टोकाला हा रॉड येऊन मिळतो, वरच्या टोकापासून दुसरा रॉड निघून शेपटीला जातो. दांडी मागं ओढली की पट्टीचं खालचं टोक मागं जातं आणि वरचं पुढं येतं. एवढंच. यात घासणार काय?

पहिला संशय कोंड्यावर. मिलची धूळ सांध्यांत गेली असणार. मी सगळे सांधे उघडले, पुसले, आणि सीटखालच्या रॉडच्या मार्गदर्शक कडीत मला चक्क एक धानाचा दाणा सापडला, सालासकट. मी तो तळहातावर घेऊन सेठना दाखवला. सेठ म्हणाले, मॅडम, हा काही आमच्या मिलचा नाही, आमच्याकडून एक दाणा बाहेर जात नाही. आम्ही सगळे हसलो. मुलगी बसली, दांडी फिरवली, काही लागलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी आम्ही घरी जाताना जिलेबी घेतली.

दुसऱ्या दिवशी ती बसली आणि परत तेच.

मग मी तपासायचं तेवढं तपासलं. सीटखाली पडून टॉर्च लावला. रिव्हेटचं डोकं कुठं वर आलंय का ते बघितलं. रॉड ताण पडल्यावर वाकतो का म्हणून त्याला दोरा बांधून बघितला. मिस्टरांना बसवलं, त्यांच्या हाताला काही लागलं नाही. मुलीला बसवलं तर चार वेळा ओढल्यावर एखाद्या वेळी लागायचं. माझ्यापेक्षा ती चांगली हातभर उंच आहे, वजनानंही भारी. तेव्हा मला वाटलं, सापडलं. तिच्या वजनानं सीटची बैठक दबते आणि खालच्या रॉडवर टेकते. सरळ हिशेब होता. आता फक्त बघायचं राहिलं होतं, पण ती बसलेली असताना सीटखाली शिरायला जागाच उरत नाही. तिचे पाय तिथंच असतात.

हे मी सेठना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, यात काय कठीण आहे मॅडम, पोरीच्या वजनाचं पोतं भरून देतो. त्यांनी तिला मिलच्या काट्यावर उभं केलं, हमालांच्या देखत, आणि तेवढाच तांदूळ पोत्यात भरून घेतला. मुलगी लाजली आणि चिडलीही. सेठ म्हणाले, पोरीपेक्षा पोतं बरं, जिथं ठेवलं तिथं गप बसते. तुमसरमध्ये कुठल्याही गोष्टीचं वजन असंच समजतं, पोत्यात. पूल किती वजन झेलेल, बैलगाडीचा आस कधी मोडेल, नव्या नवरदेवाची ताकद किती, सगळं पोत्यांवर. मला यात वावगं काही वाटलं नाही. उलट मला ही युक्ती फार आवडली, कारण पोतं बोलत नाही आणि त्याला भासही होत नाहीत.

पोतं सीटवर ठेवलं, पट्ट्यानं बांधलं. मी सीटखाली उताणी शिरले, पोत्याला पाय नसल्यानं आता जागा भरपूर होती. मिस्टर बाजूला उभे राहून दांडी हलवत होते. मी टॉर्च लावून बघत राहिले. बैठक जराशी दबली होती, पण तिच्यात आणि रॉडमध्ये माझी दोन बोटं आडवी आरामात जात होती. दांडी पुढं गेली, मागं आली, पूर्ण मागं आली. कुठं काही लागलं नाही. मी बाहेर आले, अंगावरचा कोंडा झटकला आणि जाहीर केलं की बैठकीचा काही दोष नाही, विमान चोख आहे.

मग मुलीकडे वळून मी म्हटलं, तुझ्या मनात बसलंय ते. पहिल्यांदा आईच्या हातचं विमान चालवायचं म्हणून तुला तसं वाटतंय.

ती रागावली की तिचा आवाज उलट खाली जातो.

"मंग पोत्यालेच उडवू दे," ती म्हणाली, आणि घरी निघून गेली.

मला ते बोलणं लागलं, पण मी ते मान्य केलं नाही. रात्री जेवताना आम्ही दोघी भाताकडे बघत जेवलो. मिस्टर मधे भाजी वाढत होते. आता दोनच गोष्टी होत्या. एक तर माझी तपासणी खरी किंवा तिचा हात खरा. दोन्ही खरं कसं असेल हे मला दिसत नव्हतं, आणि ती ज्या शाळेत शिकवते तिथं हाताला जाणवलेली गोष्ट खोटी मानायची नाही असंच शिकवतात, हेही मला माहीत होतं. तिच्या जागी मी असते तर मीही उडाले नसते.

सकाळी उठून मी अंगणात चहा घेऊन बसले तर ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, ओट्याच्या भिंतीला दोन्ही पाय लावून. डोळे मिटलेले. उजव्या हातात माझं लाटणं उभं धरलेलं, डावा हात मांडीवर. ओठ हलत होते. मी हसणार होते, पण थांबले. वैमानिक नवीन विमान हातात घ्यायच्या आधी अशी मनातल्या मनात तालीम करतात, खुर्चीवर बसून, हे तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. ते मी कधी बघितलं मात्र नव्हतं. म्हणजे चिडून घरी आली होती, पण उडायचं तिनं सोडलेलं नव्हतं. मला एकदम भरून आलं आणि मी चहा तसाच धरून बघत राहिले.

ती उडाली, वळली, पुन्हा वळली. लाटणं जरा जरा हलत होतं. मग ती उतरायला लागली. लाटणं हळूहळू पोटाकडे यायला लागलं, पोटाशी आलं, आणि ते पोटाशी येताना तिचे दोन्ही पाय भिंतीवर घट्ट दाबले गेले. खुर्चीची पाठ करकरली आणि मागं वाकली. चांगली वाकली.

मी म्हटलं, थांब. पुन्हा कर.

तिनं डोळे उघडले. मी तिला खुर्चीकडे बघायला सांगितलं नाही, नुसतं पुन्हा उतर म्हटलं. ती पुन्हा उतरली. पाय दाबले, पाठ मागं वाकली. हे तिला स्वतःला माहीतही नव्हतं. मी विचारलं, पाय काहून दाबतेस? ती म्हणाली, जमिनीला टेकताना विमान सरळ ठेवायला पाय तयार ठेवावे लागतात, मग ब्रेक. दाबते का मी? मी म्हटलं, दाबतेस. माझे पाय तर पेडलपर्यंत जेमतेम पोचतात, मी काय दाबणार. मिस्टर बसले तेव्हा ते पेडलला पायच लावत नव्हते, काही मोडेल म्हणून. आणि तिसरं बसलेलं ते पोतं.

"पोत्याले पाय नसते," मी म्हटलं.

तिला लगेच कळलं. आम्ही चहा तसाच टाकून गोदामात गेलो. मिस्टर मागून सायकलीवर आले.

विमानाच्या धडाला मागं एक झाकण आहे, आतलं तपासायला ठेवलेलं. मोठा माणूस त्यातून जात नाही, मी जाते. मी पोटावर सरकत आत गेले, टॉर्च तोंडात धरला, आणि सीटच्या पाठीमागं जाऊन पडले. समोर नवारीची ती सुंदर विणलेली पाठ, आणि तिच्यापासून चांगलं बोटभर मागं बेलक्रँकचं वरचं टोक. इथं मी कितीतरी वेळा येऊन बघितलं होतं. पण प्रत्येक वेळी सीट रिकामी होती. बघणारी मी इथं असले तर बसणारी मी तिथं नसते, आणि बसले तर इथं बघायला कुणी नसतं. आणि मुलगी बसलेली असताना आजवर मी बाहेरच उभी राहिले होते, संशय सगळा सीटखालच्या रॉडवर होता.

मुलगी बसली. नवारीला तिच्या पाठीचा आकार आला. तरी बेलक्रँकपर्यंत जागा होती. मी टॉर्च तोंडातून काढून ओरडले, नुसती दांडी ओढ. तिनं ओढली. पट्टीचं टोक पुढं आलं, नवारीच्या अगदी जवळ येऊन थांबलं. लागलं नाही. मग मी म्हटलं, आता पाय लाव. उतरतेस तशी उतर.

नवार माझ्या डोळ्यांसमोर फुगली. खाट वापरून वापरून मधे झोळ पडतो तसा तिला झोळ आला आणि तो सरळ त्या टोकावर येऊन टेकला. टोकावर एक नट आहे. तो सुटू नये म्हणून त्यातून तारेची एक पिन घातलेली असते, दोन्ही टोकं वाकवून. ते वाकलेलं टोक नवारीच्या सुतात शिरलं. दांडी परत पुढं गेली तशी ती पिन सुतातून निघताना खसकन आवाज झाला. किती बारीक आवाज. बाहेर ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी टॉर्च जवळ नेला तर पिनेला पांढऱ्या सुताचा एक केसाएवढा तंतू लटकत होता.

मला इतका आनंद झाला की मी तिथं पडल्या पडल्या हसायला लागले. बाहेरून दोघांनी विचारलं काय झालं, तर मला नीट बोलता येईना. सापडलं होतं. तिचा हातही खरा होता आणि माझी दोन बोटंही खरी होती. मग हळूहळू मला दुसरं दिसायला लागलं. नवार जसजशी ढिली होईल तसतसा झोळ वाढेल. कधीतरी ती पिन नुसती खसपसून निघणार नाही, सुताच्या गाठीत अडकून बसेल, आणि ती नेमकी उतरतानाच अडकेल, दांडी पोटाशी आणि पाय पेडलवर असताना. जमिनीवर पोत्याला घेऊन मी कितीही तपासणी केली असती तरी ते मला दिसलं नसतं. माझं हसणं आपोआप थांबलं. मी सरपटत बाहेर आले.

मुलीला मी सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. सॉरी म्हणायचं राहून गेलं. मी तिच्या खांद्यावर कोंड्यानं भरलेला हात ठेवला तेवढंच.

मिस्टरांना सांगणं त्यापेक्षा अवघड होतं. ते बाजूला सायकल धरून उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, विणण्यात काही चूक नाही, नवार म्हटलं की ती ढिली होणारच. घरच्या खाटा नाही का आपण वर्षातून दोनदा ओढून घेत. जवळ येऊन त्यांनी सीटच्या पाठीवर हात फिरवला, पट्टी कुठं किती ढिली झाली ते बोटानं चाचपून बघितलं.

"तिच्या पाठीले रुतू नये म्हणून विणली होती म्या," ते म्हणाले.

मग खाली बसले आणि शेवटची गाठ शोधून नवार उसवायला लागले. मी कटर पुढं केला तर त्यांनी घेतला नाही. सगळी पट्टी त्यांनी सोडवली, गुंडाळी केली आणि सायकलच्या कॅरियरला लावली. तेवढा वेळ आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो. त्यांना या विमानाबद्दल काय वाटत होतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि इतके दिवस त्यांना काहीच वाटत नाही असं समजून मी मनातून रागावत होते.

दुरुस्ती तशी अवघड नव्हती. ती कशी करायची यावर मात्र आम्ही दोघी भांडलो, आता हसत हसत. ती म्हणाली, सीटच पुढं घे. घेतली असती तर तिचे गुडघे दांडीला लागले असते. बेलक्रँकचं टोक कापून लहान करावं असं एकदा माझ्याच मनात आलं होतं, पण तसं केलं तर दांडी किती ओढल्यावर फळी किती हलते हे सगळं गणितच बदलतं. ते मी सोडून दिलं. शेवटी अल्युमिनियमच्या पत्र्याची पाठ केली, पाठीच्या आकाराला गोलाई दिलेली आणि मागून दोन पट्ट्यांनी ताठ केलेली. मागच्या बाजूला त्या पिनेला अडकायला काहीच उरलं नाही, आणि मधलं अंतरही वाढलं. पुढच्या बाजूला मिस्टरांनी फोमवर कापड शिवून गादी लावली.

तपासायला आता पोतं चालणार नव्हतं. मी पुन्हा मागच्या झाकणातून आत शिरले, मुलगी बसली, आणि मी तिला सांगितलं की जितकी ताकद आहे तितकी लाव, पत्रा वाकला तर वाकू दे. तिनं दात ओठ खाऊन पाय दाबले. पत्रा कणभर हलला. मी त्याच्यात आणि बेलक्रँकच्या टोकात बोट घातलं आणि तिला दांडी ओढायला लावली. सेठ बाहेरून म्हणाले, मॅडम, बोट काढा, बोट काढा. मी काढलं नाही. टोक माझ्या बोटापर्यंत आलं आणि तिथं थांबलं. ते बोटाला टेकलं, पण दाबलं नाही. आम्ही ते पुन्हा पुन्हा केलं, मुलीचे पाय दुखेपर्यंत.

उडायच्या दिवशी सकाळी वारा नव्हता. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होत्या, पाणी आटलेलं. सेठही आले होते, पांढरे कपडे घालून. ती निघाली, धावली, वर गेली, आणि सगळे आकाशाकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. मी वाजवल्या नाहीत. वर जाणं हा माझा प्रश्नच नव्हता. मी धावपट्टीच्या कडेला, जिथं ती टेकणार तिथं जाऊन उभी राहिले, आणि ती परत येईपर्यंत फक्त पाण्याचे घोट घेत राहिले.

ती आली. खाली, आणखी खाली. मी तिच्याकडे बघत नव्हते, शेपटीच्या फळीकडे बघत होते. फळी वर उचलायला लागली. पूर्ण वर म्हणजे किती वर, ते मला झोपेतही सांगता येईल; तो कोन मीच आखला होता. चाकं टेकली, फळी आणखी वर गेली, आणि मधेच थांबली. पूर्ण गेली नाही.

मी धावले. या वयात मी कधी अशी धावले नव्हते. विमान पुढं घरंगळत जाऊन थांबलं होतं, सरळ, काही न होता, पण मला ते दिसत नव्हतं. मी पोचले, कडेवरून आत वाकले, आणि तिच्याशी बोलायच्या आधी माझा हात तिच्या पाठीमागं घातला. पत्रा जिथल्या तिथं होता. पिन मोकळी होती. अंतर होतं.

मी विचारलं, अडकली का?

तिनं हेल्मेट काढलं नव्हतं. डोळे भरले होते.

"दांडी नाही अडकली आई. माझा हातच अडकला."

मला समजलं. तिच्या हातानं ते खसपसणं इतक्या वेळा ऐकलं होतं की आता तिथं काही नसतानाही हात त्याच्या आधीच थांबत होता. तिच्या हातातलं हे मला गेज लावून मोजता येणार नव्हतं, आणि पत्रा वाकवून नीटही करता येणार नव्हतं. मिस्टर मागून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांना दम लागला होता.

तिनं विचारलं, पुन्हा जाऊ?

मला नको म्हणायचं होतं. उडालीस, उतरलीस, झालं ना, उतर आता खाली. हे सगळे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण अर्धवट ओढायच्या सवयीनं ती दुसऱ्या कुठल्या विमानात, दुसऱ्या कुठल्या वाऱ्यात उतरली तर काय, तेही मला दिसत होतं. आणि ती परवानगी मागत नव्हती. ती विचारत होती की तुझी खात्री आहे का.

मी म्हटलं, "जा. या खेपेले पोटाशी आण."

ती गेली. आमच्या सेठना काही कळलं नव्हतं, ते आनंदानं पुन्हा टाळ्या वाजवत होते. मिस्टरांनी माझा दंड धरला होता आणि ते इतकं घट्ट धरून होते की दुसऱ्या दिवशी तिथं बोटं उठली होती. ती वळली, खाली यायला लागली. चाकं टेकली. फळी वर गेली, मघाच्या जागेपर्यंत आली, तिथं क्षणभर अडखळली, आणि मग वर, पार वर, मी आखलेल्या रेषेपर्यंत गेली. विमान थांबेपर्यंत ती तिथंच राहिली.

मी बांधावर खाली बसले आणि रडायला लागले. मिस्टरांना वाटलं काहीतरी झालं. ते तिच्याकडेच बघत होते, फळीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी वाकून विचारलं, काय झालं?

"पूर्ण ओढली तिनं," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या शेजारी बांधावर बसले.